‘दात ठीक आहेत’ ही चौकट काढून टाका

मुलांच्या दातांची फोटोवरून तपासणी करण्याचे कार्यक्रम आखणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यांचे अहवाल छापणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. आठवड्यातले चार दिवस मुलांच्या तोंडात बघते आणि दोन दिवस त्यांच्या तोंडाच्या फोटोंमध्ये. पहिल्या कामात मुलं रडतात, बोट चावतात, कधी खुर्चीतच झोपी जातात. दुसऱ्या कामात पूर्ण शांतता असते. त्या शांततेची मला अलीकडे भीती वाटायला लागली आहे, म्हणून हे पत्र.

दीड वर्षापूर्वी एका पाच वर्षांच्या मुलीचे पाच फोटो माझ्याकडे आले. समोरून एक, उजवी-डावी बाजू, वरची दंतपंक्ती, खालची दंतपंक्ती. फोटो इतके स्वच्छ होते की काढणाऱ्याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं. विसाच्या वीस दात मोजता येत होते, कुठे खड्डा नाही, डाग नाही, हिरडी गुलाबी. मी ‘ठीक’ या चौकटीवर खूण केली आणि पुढच्या मुलाकडे वळले. सात महिन्यांनी ती मुलगी माझ्यासमोर प्रत्यक्ष बसली तेव्हा तिचा उजवा गाल सुजला होता आणि दोन रात्री घरात कुणी झोपलं नव्हतं. खालच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मधोमध, जिथे त्या एकमेकींना चिकटतात, तिथून कीड आत शिरून नसेपर्यंत पोचली होती.

आईने फोन काढून अहवाल दाखवला. ती मला दोष देत नव्हती. ती स्वतःलाच दोष देत होती. म्हणाली, “मधे दोनदा दुखतंय म्हणाली होती, पण अहवालात ठीक आलं होतं ना, म्हणून मी म्हटलं नाटक करतेय.”

हे वाक्य तुम्ही पुन्हा एकदा वाचावं. माझी एक खूण त्या मुलीची कीड शोधू शकली नाही, हा भाग मी समजू शकते. खुर्चीत बसवूनही कधी कधी कीड निसटते. पण त्या खुणेने आणखी एक काम केलं. मुलगी स्वतः दुखतंय म्हणून सांगत असताना तिचं ऐकणाऱ्या माणसाचे कान बंद केले. फोटो नसता काढला तर ती आई पहिल्या तक्रारीलाच उठून आली असती.

म्हणून मागणी एकच आहे. फोटो पाहून केलेल्या कोणत्याही अहवालात ‘दात ठीक आहेत’ असं छापू नका. फोटो ‘आहे’ म्हणू शकतो. ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्याला नाही.

कारण दुधाच्या दाढांच्या घडणीतच आहे. त्या एकमेकींना टोकाने टेकत नाहीत, चांगल्या रुंद भागाने चिकटून बसतात. त्या फटीत कॅमेरा काय, माझी नजरही जात नाही. तिथली कीड ओळखायला दाढांचा एक छोटा एक्स-रे लागतो, किंवा मग वरच्या कडेखाली करडी सावली दिसेपर्यंत वाट बघावी लागते, आणि ती सावली दिसते तेव्हा काम बरंच बिघडलेलं असतं. त्यातून दुधाच्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, कायमच्या दाताच्या निम्म्याच्या आसपास जाड, एक मिलिमीटरच्या घरात, आणि आतली नस मात्र दाताच्या मानाने मोठी. मोठ्या माणसाच्या दाढेत ज्या अंतराला कीड वर्षं घालवते ते मुलाच्या दाढेत ती काही महिन्यांत कापते. ‘दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते, मागच्या दाढा पडतात दहाव्या-बाराव्या वर्षी. पाचव्या वर्षी सुरू झालेला ठणका तोवर थांबत नाही.

दुसरी अडचण लाळेची. शाळेतल्या भौतिकशास्त्रातला अपवर्तनांक, म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, आठवत असेल, तर हे चटकन कळेल. निरोगी एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. कीड लागायला सुरुवात होते तेव्हा एनॅमलमधले क्षार निघून जातात आणि तिथे बारीक छिद्रं पडतात. दात ओला असेल तर ती छिद्रं पाण्याने भरलेली असतात. पाणी आणि एनॅमल यांच्यात फरक कमी, त्यामुळे डाग लपतो. दात वाळवला की छिद्रांत हवा शिरते, फरक वाढतो आणि खडूसारखा पांढरा पट्टा उमटतो, बहुधा हिरडीच्या कडेला. कीड मोजण्याची आयसीडीएएस नावाची आंतरराष्ट्रीय पट्टी ० ते ६ अशी चढते. तिच्यातला १ हा आकडा दात पाचेक सेकंद वाळवल्यावरच दिसणाऱ्या बदलासाठी राखलेला आहे. घरी काढलेल्या फोटोत दात वाळवलेला असतो का? तीन वर्षांच्या मुलाचं तोंड उघडं ठेवणं हाच पराक्रम असतो, वाळवणं कसलं.

आणि हा पांढरा पट्टाच तर हवा असतो. या टप्प्यावर ना मशीन लागतं ना इंजेक्शन. दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप (वार्निश), फ्लोराइडयुक्त पेस्टने नीट घासणं, गोड खाण्याच्या वेळा आवरणं, रात्रीची बाटली बंद करणं, एवढ्यावर कीड थांबते, कधी मागेही फिरते. म्हणजे ज्या अवस्थेत मूल सर्वांत स्वस्तात सुटलं असतं, नेमक्या त्याच अवस्थेत फोटो गप्प बसतो आणि अहवाल म्हणतो, ठीक.

आता तुम्ही म्हणाल, बाई फोटोच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. विरोधात असते तर आठवड्यातले दोन दिवस त्यांच्यासाठी दिले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. त्यांतल्या कितीतरी मुलांनी दंतवैद्याची खुर्ची पाहिलेलीही नाही. जिथे दंतवैद्य नाही, तिथे फोटो जाऊ शकतो. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९९४ मध्ये दूरच्या तळांवरच्या सैनिकांच्या दातांच्या प्रतिमा तज्ज्ञांकडे पाठवायचा प्रकल्प सुरू केला होता. पुढे अमेरिकेतल्याच रोचेस्टर शहरात पाळणाघरांतल्या मुलांच्या दातांचे फोटो आरोग्य सहायकांनी काढायचे आणि दंतवैद्याने दुसरीकडे बसून पाहायचे, असा प्रयोग झाला. अगदी लहान मुलांची कीड वरच्या पटाशीच्या दातांवर आधी दिसते, खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेच्या आडोशाला वाचतात. त्यामुळे ओठ उचलून काढलेला एकच फोटो खूप काही सांगून जातो. त्या वयात तर मी फोटोवर भलतीच खूश असते.

दाढेच्या मुळाशी हिरडीवर आलेली पुळी फोटोत स्पष्ट दिसते. आई-वडिलांना ती बारीक वाटते, कारण ती दुखत नाही. पू बाहेर पडायला वाट मिळाली म्हणून ती दुखत नाही, हे त्यांना कोण सांगणार? अशा फोटोवर मी ‘या आठवड्यात दाखवा’ असं निःशंक लिहिते.

आणि एका गोष्टीत तर मी माझ्याच नियमाला मुरड घालते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यात दुधाच्या दातांमागे दुसरी रांग उगवली की घरात हलकल्लोळ माजतो. किंवा दाढ येण्याच्या जागी हिरडी निळसर फुगते आणि आजी म्हणते, गाठ आहे. या दोन्ही गोष्टी फोटोत ओळखता येतात आणि बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतं. अशा वेळी मी ‘काळजीचं कारण दिसत नाही’ असं लिहिते. कारण तिथे प्रश्न एका जागेचा असतो आणि ती जागा फोटोत आहे. ‘ही सूज कसली?’ याला फोटो उत्तर देऊ शकतो. ‘माझ्या मुलाचं तोंड निरोगी आहे का?’ याला नाही. तुमच्या अर्जात पहिला प्रश्न विचारायला जागाच नाही, आणि दुसऱ्याचं उत्तर मात्र सक्तीचं आहे.

उलट्या चुकाही होतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. फोटोत काळं दिसलं की फोटो तपासणारं संगणकाचं यंत्र कीड म्हणतं, घाईत असलेला दंतवैद्यही म्हणतो. पण काही मुलांच्या दातांवर हिरडीच्या कडेने काळी रेघ असते ती एका प्रकारच्या जंतूंमुळे, तिचा खड्ड्याशी संबंध नसतो. लोहाच्या औषधानेही दात काळवंडतात. सगळ्यांत गमतीचा प्रकार सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. हे औषध लावलं की कीड थांबते आणि थांबलेली जागा कायमची काळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. उपचार यशस्वी झालेल्या मुलाचा फोटो उपचारापूर्वीच्या फोटोपेक्षा भीषण दिसतो! ‘यापूर्वी दातांना काही लावलं होतं का?’ हा एक प्रश्न अर्जात असता तर मागच्या वर्षी दोन कुटुंबं उगीच धावपळ करत आली नसती.

डाव्या-उजव्याची गोष्ट मात्र थोडक्यात सोडवत नाही, कारण तिने माझी झोप उडवली होती. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. वरच्या दाढा टिपायला तोंडात छोटा आरसा धरला तरी प्रतिमा उलटते. दोन्ही एकदम केलं तर सुलटी होते, आणि मग कुणालाच काही कळत नाही. आम्ही दातांना आकडे देतो: दुधाची वरची उजवी दुसरी दाढ ५५, वरची डावी ६५. फोटो उलटा आला आणि कुणी लक्षात आणून दिलं नाही, तर अहवालात ५५ च्या जागी ६५ जातो. मूल खुर्चीत आल्यावर ही चूक पकडली जाते, पकडलीच पाहिजे. पण अहवालावर विसंबून थेट औषधं लिहिणारे, वेळ ठरवणारे, ‘डावी दाढ काढायची आहे’ असं घरी सांगणारेही असतात. इलाज साधा आहे. मुलाच्या उजव्या गालावर एक छोटी चिकटपट्टी लावून तीही फोटोत येऊ द्यायची. हे कोणत्याही ॲपने मला शिकवलं नाही, एका आरोग्य सेविकेने शिकवलं.

फोटो काढण्याच्या बाबतीत या सेविका आमच्यापेक्षा पुढे आहेत, हे इथेच सांगून टाकते. दोघं मोठी माणसं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल एकाच्या मांडीवर बसून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर टेकवतं, आणि वरून फोटो. आरसा कोमट पाण्यात बुडवून घेतला की त्यावर वाफ धरत नाही. फोन अगदी तोंडाला न लावता थोडा लांब धरून मग फोटो मोठा करायचा, म्हणजे ओठ स्पष्ट आणि दाढा धूसर असं होत नाही. चेहरा उजळ करणारी सोय बंद, कारण ती दातांचे डागही उजळवून टाकते. आणि फोटो संदेशातून पाठवताना आकसतो, म्हणून मूळ फाइल पाठवायची. तुमच्या सूचनापत्रकात यातलं काय आहे? ‘चांगल्या प्रकाशात स्पष्ट फोटो काढावा’, एवढंच.

आता आकड्यांचं. तुमच्या बैठकीत ‘आमची पद्धत ८० टक्के कीड पकडते’ असं अभिमानाने सांगितलं जातं. तो आकडा खरा धरू. समजा १,००० मुलं तपासली आणि त्यांतल्या ४०० जणांना कीड आहे. ८० टक्के म्हणजे ३२० सापडली, ८० सुटली. उरलेल्या ६०० निरोगी मुलांपैकी ९० टक्के बरोबर ओळखली, म्हणजे ५४०. ‘ठीक’ असा कागद घेऊन घरी गेलेली मुलं झाली ६२०. त्यांतल्या ८० जणांच्या तोंडात कीड आहे, म्हणजे जवळपास दर आठव्या मुलाच्या. पद्धत वाईट नाही. ३२० मुलं सापडली, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या ८० घरांत तुम्ही कागद पाठवला आहे, आणि कागदावर शिक्का आहे.

संगणकाकडून निदान करवून घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमच्या यंत्राला ज्या फोटोंवर शिकवलं ते बहुधा दवाखान्यात काढलेले, वाळवलेल्या दातांचे, गाल ओढून धरून, योग्य उजेडातले. त्याच्यापुढे येतात ते रात्री दिव्याखाली, झोपाळू मुलाचे, अर्धी जीभ मधे आलेले फोटो. अशा फोटोवरून यंत्र ‘तोंडाचे आरोग्य १०० पैकी ९२’ असं सांगतं, तेव्हा त्या ९२ चा अर्थ काय, हे मला आजवर कुणी समजावू शकलेलं नाही. यंत्राने ‘फोटोत मागच्या दाढा दिसत नाहीत, पुन्हा काढा’ एवढं जरी प्रामाणिकपणे सांगितलं, तरी मी त्याला सहकारी मानेन.

फोटोसोबत तीन प्रश्न सक्तीचे करा. मूल रात्री दुखण्याने जागं होतं का? एका बाजूनेच चावतं का? गोड किंवा गार लागलं की कळवळतं का? खाताना अडकून दुखणं वेगळं आणि काही न खाता रात्री ठणकणं वेगळं. दुसऱ्यात बहुधा नसेला सूज आलेली असते. कोणताही कॅमेरा हा फरक टिपत नाही, आई मात्र एका वाक्यात सांगते. तीनपैकी एकाला ‘हो’ असेल, तर फोटो कितीही सुंदर असो, मूल दाखवायला सांगायचं. माझ्या त्या पाच वर्षांच्या मुलीबाबत हे प्रश्न फोटोच्या दिवशी विचारले असते तर कदाचित तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं असतं. पण दोन महिन्यांनी दुखायला लागलं तेव्हा तिच्या आईला आठवलं असतं की हे प्रश्न विचारले गेले होते आणि त्यांना महत्त्व आहे.

काही वेळा फोटोच काढायचा नसतो, हे ॲप उघडताच पहिल्या पडद्यावर यायला हवं. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, तर थेट रुग्णालय. खेळताना कायमचा पुढचा दात मुळासकट निखळला, तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाने धरून, माती असेल तर पाण्याने जरासा धुऊन, लगेच जागेवर बसवायचा. जमत नसेल तर दुधात ठेवून धावायचं. तासाभरात जे होतं ते नंतर होत नाही. दुधाचा दात निखळला तर तो कधीही परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. अशा प्रसंगी फोटो पाठवून ‘४८ तासांत उत्तर मिळेल’ हा संदेश वाचत बसलेले पालक मी पाहिले आहेत.

गोपनीयतेवर तुमच्या कायदा विभागाने पानंच्या पानं लिहिली आहेत, मी भर घालत नाही. फक्त दोन गोष्टी. फोटोत डोळे यायची गरज नसते, ओठांपुरता कापून घ्या. आणि फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद लपलेली असते, ती पाठवण्याआधी पुसली जावी. तिसरी सांगायची तर, मूल नको म्हणत असेल तर त्या दिवशी फोटो राहू द्या. जबरदस्तीने उघडलेलं तोंड पुढची काही वर्षं दंतवैद्यापुढेही उघडत नाही.

‘ठीक’च्या जागी काय छापायचं, असं मला विचारण्यात आलं. मी सुचवलेला मजकूर असा: ‘या फोटोत दिसणाऱ्या भागात कीड आढळली नाही. दाढांच्या मधली जागा आणि सुरुवातीची कीड फोटोत दिसत नाही. मूल दुखतंय म्हणाल्यास या अहवालाकडे न पाहता दंतवैद्याकडे जा. तसंही वर्षाच्या आत एकदा प्रत्यक्ष दाखवा.’ यावर उत्तर आलं की मजकूर लांब आहे, लोकांना हो किंवा नाही हवं असतं, तिसरा पर्याय दिला की गोंधळ होतो. गोंधळ होऊ द्या. गोंधळलेली आई दवाखान्यात येते. निर्धास्त झालेली आई येत नाही.

आज माझ्याकडे ४६ मुलांचे अहवाल अडकले आहेत. ज्यांच्या फोटोत पुळी, सूज किंवा उघडा खड्डा दिसला, त्यांचे अहवाल त्याच दिवशी गेले, हे बाकीचे. या फोटोंत मला काही सापडलं नाही. तुमची प्रणाली ‘ठीक’ किंवा ‘उपचार हवा’ यांपैकी एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि या मुलांबाबत त्यातलं एकही मी खरं म्हणून सही करू शकत नाही. म्हणून त्यांच्या घरी मी स्वतः फोन करून वरचा मजकूर वाचून दाखवते आहे. १६ घरं झाली, ३० उरली. तिसरी चौकट कधी येणार आहे, तेवढं कळवावं.

आपली,
लहान मुलांची एक दंतवैद्य